गाळलेली पिढी : वॉशिंग्टन घराण्याच्या वंशावळीचा धडा

१/ अमेरिकेत जाऊन वसलेल्या इंग्रजांच्या वंशावळी मांडणाऱ्यांमध्ये एक जुनी खोड आहे : नाव जुळले की नाते जुळले! या बादरायण संबंधाचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्यात सापडते.

२/ जॉर्ज यांचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन 'सी हॉर्स' या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियात आले. १६५७ च्या सुमारास हे जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतले. जॉन तेथेच राहिले आणि ॲन पोप हिच्याशी विवाह करून जमीनदार झाले. मागाहून त्यांचा भाऊ लॉरेन्सही आला. पण हे भाऊ इंग्लंडात कोणाचे पुत्र होते?

३/ १७९१ मध्ये इंग्लंडच्या कुलचिन्हांचे सर्वोच्च अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी हा प्रश्न थेट अध्यक्षांनाच विचारला. १७९२ च्या उत्तरात वॉशिंग्टन यांनी कळवले की, या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. पूर्वज उत्तरेकडील कुठल्याशा परगण्यातून आले, एवढेच आठवते.

४/ हर्ड यांना नॉर्दॅम्प्टनशायरमधील सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन कुळात जॉन आणि लॉरेन्स नावाचे दोन सख्खे भाऊ आढळले. नावे तीच, नातेही तेच; मग माणसेही तीच! जॅरेड स्पार्क्स, वॉशिंग्टन अर्व्हिंग यांसारख्या चरित्रकारांनी हीच वंशावळ पुढे चालवली.

५/ १८६६ मध्ये जोसेफ चेस्टर या अमेरिकन संशोधकाने तिचा पाया उखडला. सल्ग्रेव्ह कुळातील तो जॉन 'सर' किताबाचा मानकरी होता. व्हर्जिनियाच्या जॉनला कोणत्याही कागदात 'सर' म्हटलेले नाही. तो लॉरेन्स तर धर्मगुरू होता. शिवाय त्या दोघांचा पिता १६१६ मध्येच वारला होता. म्हणजे १६५७ मध्ये दोघांनीही चाळिशी ओलांडलेली असणार.

६/ खरा दुवा हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी ट्रिंग गावातील बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि तेथील मृत्युपत्रे चाळली. व्हर्जिनियाला गेलेले भाऊ त्याच धर्मगुरू लॉरेन्सचे पुत्र होते. हर्ड यांनी ज्याला स्थलांतरित ठरवले, तो प्रत्यक्षात स्थलांतरितांचा बाप होता.

७/ यावर हमखास येणारा युक्तिवाद असा : "घराणे तर तेच निघाले. एखादी पिढी इकडची तिकडे झाली, त्यात एवढे काय बिघडले?"

८/ बिघडले ते हेच की, सारा इतिहास त्या गाळलेल्या पिढीतच होता. हे लॉरेन्स ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचे फेलो आणि एसेक्समधील पर्ली येथील धर्मगुरू. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, राजनिष्ठ म्हणून संसदपक्षाने त्यांचे पद हिरावले. ठपका ठेवला मद्यपानाचा. परिचितांनी मात्र त्यांना सभ्य आणि संयमी म्हटले आहे. हलाखीतच त्यांचा अंत झाला. पत्नी ॲम्फिलिस १६५५ मध्ये ट्रिंगला निवर्तली.

९/ आता जॉनच्या प्रवासाकडे पाहा. किताब मिळवलेला प्रतिष्ठित गृहस्थ प्रौढ वयात समुद्र ओलांडून तंबाखूच्या मळ्यांत का जाईल, याला हर्ड यांच्या वंशावळीत उत्तर नाही. उद्ध्वस्त घरातला, आईबापांविना उरलेला तरुण का जाईल, हे मात्र सहज कळते. पिढी चुकली तिथे कारणच हरवले.

१०/ आज वंशवृक्षाच्या संकेतस्थळांवर हीच खोड क्षणार्धात शेकडो वृक्षांत उतरते. एकाची चूक दुसरा नकलतो आणि नकलांची संख्याच पुरावा ठरते. सरदार, किताब, कुलचिन्ह सापडले की शोध थांबतो, कारण अनेकांना पूर्वज नको असतात, हवी असते ती प्रतिष्ठा.

११/ नामसाधर्म्य ही शोधाची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. वय, व्यवसाय, मृत्यू, मालमत्ता या चारही कसोट्यांवर नाव उतरले, तरच ते आपल्या वृक्षावर लिहावे. तोवर ती जागा कोरी ठेवणे हाच प्रामाणिकपणा. कोरी जागा पुढच्या संशोधकाला शोधाला लावते. चुकीचे नाव त्याची वाटच बंद करते.