मेला तो पंप, मारणारा दुसराच!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारून घ्यावं, मतं मात्र आहेत तशीच ठेवावीत! ट्रकवर लिहिणार म्हटल्यावर रूममेट म्हणाली, "अगं, एखादी कविता दे ना." कविता मला जमत नाही, ट्रक थोडा थोडा जमायला लागलाय.

झालं असं. माझा आतेभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो. बागकामाच्या जोडधंद्यासाठी, ट्रेलर ओढायला म्हणून त्याने २००१ सालची डॉज रॅम २५०० घेतली. सेकंडहँड, अर्थातच. तिथे ह्याला हेवी ड्यूटी पिकअप म्हणतात. आपल्या भाजीच्या पिकअपशी नावापुरतंच नातं. आत कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत. हे घराणं आपल्या ओळखीचं आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा-कमिन्सने जमशेदपूरला ह्याच घराण्याची इंजिनं बनवली आणि ती टाटाच्या ट्रकांतून देशभर फिरली. इंजिन मरत नाही असा लौकिक. आणि दादाची गाडी भर रस्त्यात बंद!

कॉम्प्युटरने कोड दाखवला पी ०२१६. म्हणजे इंजेक्शन पंपाचं टायमिंग गेलं. १९९८ ते २००२ च्या ह्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांवर बॉशचा व्हीपी ४४ हा पंप असायचा. डोक्यावर इलेक्ट्रॉनिक्सची पेटी असलेला, आणि महागडा. दादाने हजारावर डॉलर मोजून रिबिल्ट पंप बसवला. आठ महिन्यांनी पुन्हा तोच कोड. मग त्याने मला फोन केला. "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग आता." मला थर्ड इयरला ७४ टक्के आहेत आणि इंजेक्शन पंपाची आकृती मी डोळे मिटून काढते. पण पंप का मेला? एक अक्षर सुचलं नाही.

दोन रात्री वाचत बसले तेव्हा कळलं. व्हीपी ४४ ला डिझेल फक्त जाळायला लागत नाही. तेच त्याचं वंगण, आणि तेच त्याला थंड ठेवणारं पाणीही. म्हणून गरजेपेक्षा बरंच जास्त डिझेल त्यातून फिरून टाकीत परत जातं. हे डिझेल त्याच्यापर्यंत ढकलतो एक छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप. आणि तो बसवलाय कुठे? टाकी मागे, हा पुढे, थरथरणाऱ्या इंजिनच्या ब्लॉकवर! असे पंप ढकलायला चांगले, ओढायला वाईट. त्यामुळे तो लवकर दमतो. खरी गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. लिफ्ट पंप पूर्ण मेला तरी गाडी चालते, कारण व्हीपी ४४ स्वतः थोडं ओढून घेतो. मालक खूश. आत मात्र महागडा पंप कोरडा घासत आणि तापत असतो. कंपनीने डॅशबोर्डवर ह्या दाबाचा काटाच दिला नव्हता, मग कळणार कसं?

दादाला म्हटलं, आधी प्रेशर गेज लाव. त्याने उसना आणून लावला. चढावर ट्रेलर ओढताना काटा ४ पीएसआयवर. तिथले जाणते मिस्त्री १० च्या खाली जाऊ देऊ नका म्हणतात. गुन्हेगार सापडला. म्हणजे पहिला पंप बदलला तेव्हा मारेकरी तसाच जागेवर बसून होता!

फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकची कहाणीही ह्याच वळणाची. लोक म्हणतात हेड गॅस्केट उडतं. उडतं खरं, पण अनेकदा सुरुवात ऑइल कूलर चोंदण्यापासून होते. त्यातूनच पुढे ईजीआर कूलरला पाणी जातं, ते कमी पडलं की तिथे पाणी उकळून कूलर फुटतो, आणि पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचतं. गॅस्केट नवं घातलं आणि कूलर तसाच ठेवला, तर पैसे पाण्यात. अगदी शब्दशः.

आता लांब कशाला, आपल्या लेडीज होस्टेलचा जनरेटर आठवा. सबमिशनच्या आठवड्यात धापा टाकायचा, कधी आवाज चढायचा, कधी पडायचा. बाहेरच्या मेकॅनिकने पंप काढून कॅलिब्रेशनला नेला, बिल केलं, परत बसवला. चार दिवसांत पुन्हा तेच. शेवटी जनरेटरवाल्या काकांनी टाकीकडून येणारा रबरी पाइप बोटांनी चाचपला. "ताई, हा बघा, तडकलाय. एअर घेतोय." पाइप बदलला, एअर काढली, झालं. काकांना मी विचारलं, "आधी का नाही बोललात?" तर म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही."

म्हणून माझं स्पष्ट मत लिहिते, सरांनी रागावू नये. आपल्याला पंप कसा चालतो ते शिकवतात, कसा मरतो ते शिकवत नाहीत. "सुबक आकृतीसह वर्णन करा" ह्यावर दहा मार्क. "गेज ४ दाखवतोय, आधी काय तपासाल?" ह्यावर शून्य. वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन उन्हाळ्यात भंगारात जाणार, तिथे सिम्युलेशनसाठी कॉम्प्युटर येणार असं ऐकते. कॉम्प्युटर जरूर आणा, पण ते इंजिन आम्हाला द्या. काकांना महिन्यातून एक प्रॅक्टिकल घेऊ द्या. त्यांनी गुपचूप एक बिघाड करून ठेवायचा, पाइप सैल, फिल्टर चोंदलेला, काहीही. आम्ही शोधायचा. जर्नल आम्ही लिहू, आणि सही काकांची.

अर्जावर आत्तापर्यंत एकतीस सह्या झाल्यात. कागद मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी आहे, पेन मात्र आपलं आपण आणा, तिथलं दोनदा गेलं.