अर्थ मिळत नाही

माणसाने अबोला धरला, तर आपण निदान कारण तरी शोधतो. गाडीने धरला की मात्र दुकान शोधतो! किल्ली फिरवली आणि इंजिन गप्प राहिले, की भोवती जमलेल्या प्रत्येकाजवळ एकच निदान तयार असते : ‘बॅटरी गेली!’ शेजारी हेच म्हणतात, पेपरवाला हेच म्हणतो, आणि बॅटरीच्या दुकानदाराला तर दुसरे काही म्हणायचे कारणच नसते. बिचारी बॅटरी पुष्कळदा गेलेली नसते. तिची शक्ती वाटेतच कुठेतरी अडकून पडलेली असते.

आमच्या खांदा कॉलनीत तर अशा वाटा अडायला फारसे निमित्तही लागत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला माथेरानचे डोंगर, आणि मधोमध आम्ही. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, पापड सादळतात, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. सिडकोच्या इमारतींखाली उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे चार महिने कसे जातात, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

त्या गाड्यांत आमच्या अण्णांची जीप आहे. अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि खात्याच्या लिलावात निघालेली एक डिझेल जीप घेऊन घरी आले. काकूंनी कपाळाला हात लावला. पण अण्णांनी त्या जीपला काम लावून दिले. महिन्यातून दोन रविवार ते धोदाणीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांकडे जातात. जाताना वह्या-पुस्तके नेतात आणि येताना कुणी आजारी असेल तर त्याला पनवेलच्या दवाखान्यात आणतात. पावसाळ्यात त्या चिखलात चारही चाकांना जोर असलेली गाडीच टिकते. वाडीतली माणसे रविवारी वाटेकडे डोळे लावून बसतात, असे अण्णा कधी सांगत नाहीत. ते मला काकूंकडून कळले.

यंदा भाद्रपदात जीपने अबोला धरला. किल्ली फिरवली की एकदा ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे शांतता. अण्णांनी नवी बॅटरी घातली. आठवडाभर गाडी चालली आणि पुन्हा ‘टक्’. मग कुणी सांगितले, सेल्फ बदला. कुणी म्हणाले, वायरिंगच सगळे बदला. त्यातच नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. सुरूच न होणारी गाडी तपासणीला न्यायची कशी? पुण्याहून मुलाचा फोन आला, “अण्णा, भंगारात द्या आता. वय झालं तिचं.” अण्णांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ‘वय झालं’ हे दोन शब्द नेमके कुणाला लागले, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

शेवटी जुन्या पनवेलमधले एक म्हातारे वायरमन मिस्त्री आले. त्यांच्या पिशवीत एक मीटर, एक जाड केबल, पॉलिश पेपर आणि दोन पाने, एवढाच संसार. त्यांनी आधी प्रश्न विचारले. धक्का मारल्यावर सुरू होते का? होते, लगेच होते. म्हणजे डिझेल, पंप, इंजिन सगळे ठीक. दुखणे फक्त सेल्फच्या वाटेवर. ‘टक्’ एकदाच होते की ‘टक-टक-टक’ असे पुष्कळदा? एकदाच. मग त्यांनी हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितली. दिवे जेमतेम मंदावले.

“बॅटरी दमली असती तर दिवे विझायला आले असते,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी जाड केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर घट्ट धरले, आणि अण्णांना खूण केली. जीप पहिल्याच फटक्याला गरजली! काकू गॅलरीत आल्या. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, हिला अर्थ मिळत नव्हता.”

कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवताना हे वाक्य मी उत्तरपत्रिकांच्या संदर्भात फार वेळा उच्चारले आहे. जीपच्या बाबतीत ते पहिल्यांदाच ऐकत होतो!

मिस्त्रींचा ‘अर्थ’ मात्र साधा आहे. बॅटरीतून वीज पॉझिटिव्हच्या केबलने सेल्फकडे जाते. पण तिला परतही यावे लागते. परतीसाठी वेगळी तार नसते, गाडीचे लोखंडच ते काम करते. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिच्या बोल्टखाली गंज किंवा रंग साचला, की परतीची वाट बंद. सेल्फला एका फटक्याला दोनशे अँपिअरच्या आसपास वीज लागते. वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी बारापैकी दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. कधी कधी ती वीज ॲक्सिलरेटरच्या तारेतून परतायला बघते आणि तार गरम लागते. तशी ती लागली तर अर्थची पट्टी आधी पाहावी.

ज्यांच्या दारात जुनी जीप वा मोटार आहे, त्यांनी हा क्रम लिहून ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने बॅटरी पाहा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी खरोखरच थकली आहे. तो फारसा घसरलाच नाही आणि सेल्फही फिरला नाही, तर बहुधा वाट अडली आहे. तेव्हा किल्ली फिरवलेली असतानाच मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनवर धरा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला की चोर सापडला! इकडे काही नसेल तर पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत तसेच मोजा. दोन्ही वाटा मोकळ्या असतील, तरच सेल्फ खोलून कार्बन ब्रश बघावेत. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. नसेल तर चार्जिंगचे पाहा.

हे सारे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून करावे. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नये.

सेल्फ ही तशी मोठी सुखसोय. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तो आणला, त्याआधी हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. १९४१ ची लढाईतली विलिस जीप सहा व्होल्टची होती, आणि तिला हँडलही होते. सहा व्होल्टना तेवढ्याच जोरासाठी दुप्पट अँपिअर लागतात, म्हणून तिच्या केबली जाड. आज हौसेने अशी जीप सांभाळणारे कुणी तिला बारीक केबल घालतात, आणि मग जीपच्या म्हातारपणाला दोष देतात.

अण्णांच्या जीपचे दुखणे एका नव्या पट्टीत, पॉलिश पेपरात आणि चिमूटभर ग्रीसमध्ये मिटले. खर्च फटाक्यांच्या एका माळेइतका. मिस्त्रींनी चहा घेतला. हाताखाली शिकणारे कुणी आहे का, म्हणून मी विचारले. “होता एक पोरगा,” ते म्हणाले, “पण त्याला बदलायला आवडायचं, बघायला नाही.”

मागच्या रविवारी अण्णा धोदाणीला जाऊन आले. परतताना जीपमध्ये तापाने फणफणलेली एक लहान मुलगी आणि तिची आजी होती. नोंदणीची तपासणी दिवाळीनंतर आहे. अण्णांनी पुण्याला अजून काही कळवलेले नाही. भाऊबीजेला मुलगा आला की त्याला स्टेशनवर आणायला जीपच घेऊन जाणार आहेत.