गाभाऱ्याचा उंबरठा आणि न्यायालय
जवानांसोबत मंदिर-गुरुद्वारापर्यंत जाणारा, परंतु गाभाऱ्यात शिरून पूजेत सहभागी होण्यास नकार देणारा लष्करातील ख्रिस्ती लेफ्टनंट २०२१ मध्ये बडतर्फ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कारवाई उचलून धरली. सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा अनुच्छेद ३३ संसदेला देतो, हे मान्यच. खटकते ते वेगळे. गाभाऱ्यात प्रवेश करणे धर्मविरोधी नाही, या पाद्रींच्या मताचा दाखला न्यायालयाने दिला. याच न्यायालयाने १९८६ मध्ये, राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहणाऱ्या पण ते न गाणाऱ्या केरळमधील तीन ख्रिस्ती मुलांना संरक्षण देताना, श्रद्धा इतरांना पटते का यापेक्षा ती प्रामाणिक आहे का, एवढेच तपासले होते. शिस्तीच्या मुद्द्यावरही निकाल टिकला असता. अधिकाऱ्याच्या श्रद्धेचा अर्थ पाद्रींकडून समजून घेण्याची गरज नव्हती.