चुरा जिथवर, इंजिन तिथवर

आपल्या धंद्यात कामाची हद्द दोन शब्दांत ठरते: हाफ इंजिन की फुल इंजिन. क्रँक उतरवायचा की नाही, एवढ्यावर अंदाजपत्रक उभे राहते, मशीन शॉपची वेळ घेतली जाते आणि गाडी कधी मिळेल ते गिऱ्हाइकाला सांगितले जाते. वर्षानुवर्षांच्या झिजेने इंजिन धूर मारू लागले असेल, तर ही विभागणी पुरते. पण बेअरिंग धरले, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला किंवा व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर आदळला, तर ती दिशाभूल करते. या महिन्यात आमचे म्हणणे एवढेच आहे की मोठा बिघाड झालेल्या इंजिनाची हद्द ब्लॉक, हेड आणि गास्केट ठरवत नाहीत. ऑइल आणि हवा जिथवर फिरतात, तिथवर इंजिन असते. सुपरचार्जर असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये हा रस्ता लांब आणि वळणाचा असतो, म्हणून हद्द चुकल्याचा भुर्दंडही तिथेच मोठा बसतो.

लोटसची एक्सीज एस घ्या. इंग्लंडमध्ये नॉरफकमधल्या हेथेल इथे तयार झालेली ही छोटी गाडी २००६ साली सुपरचार्जरसह आली. तिचे इंजिन मात्र जपानी: टोयोटाने यामाहाच्या साथीने केलेले २झेडझेड-जीई, जे १९९९ पासून सेलिकात बसत होते. क्षमता १,७९६ सीसी, बोअर ८२ मिमी, स्ट्रोक ८५ मिमी, कॉम्प्रेशन ११.५ ला १. त्यावर ईटनचा एम६२ हा रूट्स जातीचा सुपरचार्जर चढवून लोटसने सुमारे २२० अश्वशक्ती काढली. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटरच्या वर जातो. सिलिंडरच्या भिंती बिडाच्या लायनरच्या नाहीत, सिरॅमिक तंतू मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. म्हणजे बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा हा आपला हातखंडा उपाय इथे तसाच लागू पडत नाही. भिंतीवर खोल ओरखडा उठला, तर नवे लायनर बसवून घ्यायचे किंवा ब्लॉकच बदलायचा. ज्या इंजिनात एकदा चुकणेच इतके महाग, तिथे तीच चूक दुसऱ्यांदा करण्याची सोय नाही.

हे इंजिन मरते कसे, ते पाहिले की पुढचा मुद्दा उलगडतो. चिकट टायर लावून ट्रॅकवर लांब वळण घेताना गाडीवरचा आडवा ताण गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. सक्शनची जाळी उघडी पडली की पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. ८,००० फेऱ्यांवर अर्ध्या सेकंदात क्रँक साठाहून अधिक वेळा फिरतो. तेवढ्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो. दुसरा प्रकार चुकीच्या गिअरचा. वरच्या गिअरऐवजी खालचा पडला, फेऱ्या मर्यादेबाहेर गेल्या आणि क्रँकच्या नाकावर बसलेल्या ऑइल पंपाचा गिअर तडकला. दोन्ही वेळा टेबलावर येते ते सारखेच काळवंडलेले बेअरिंग. एका ठिकाणी उपाय चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालण्याचा, दुसऱ्या ठिकाणी पंपाचा. कारण कोणतेही असले तरी बेअरिंगचा चुरा मात्र एकाच वाटेने जातो आणि ती वाट ब्लॉकपाशी संपत नाही.

एक्सीजचे इंजिन मागे आहे, पण ऑइल कूलर दोन आणि तेही पुढे, नाकाशी. म्हणजे गरम ऑइल पाइपांतून जवळजवळ गाडीची लांबी ओलांडून पुढे जाते आणि तितकेच अंतर परत येते. बेअरिंग खरवडले जात असताना पंप थांबलेला नसतो. इंजिन बंद पडेपर्यंत तो चुरा ढकलत राहतो. मग गाडी लिफ्टवर येते, पाइप सोडवले जातात, टोकांत चिंधी कोंबली जाते आणि सगळ्यांचे लक्ष मागच्या ब्लॉककडे वळते. क्रँक पॉलिश होतो, बेअरिंगच्या फटी मोजल्या जातात, नवा पंप बसतो, रिंगांचे गॅप एकेक करून तपासले जातात. पुढे कूलरमध्ये, ऑइल चांगले थंड व्हावे म्हणून घातलेल्या बारीक पन्हळी पत्र्यांच्या खाचांत, जुन्या बेअरिंगचा चुरा तसाच पडून असतो. शेवटी चिंधी काढून ते पाइप नव्या इंजिनाला जोडले जातात.

यावर पहिला आक्षेप फिल्टरचा येईल, आणि तो पोकळ नाही. अनेक मांडण्यांत कूलरमधून परतलेले ऑइल फिल्टरमधून गेल्यावरच बेअरिंगकडे जाते. मग भीती कसली? मात्र आकडे पाहा. ४५ मिमी व्यासाच्या जर्नलला ढोबळ नियमाने ४५ मायक्रॉनच्या आसपास फट लागते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. भार आला की एका बाजूचा ऑइलचा थर काही मायक्रॉनच उरतो. साधा फिल्टर भरवशाने अडवतो ते साधारण २० ते ४० मायक्रॉनच्या वरचे कण. त्याहून बारीक चुरा पार होतो, आणि थराच्या मानाने तो बारीक नसतोच. शिवाय फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. ऑइल थंड आणि घट्ट असले, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढला, की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जाते. नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिला सेल्फ मारला जातो तेव्हा ऑइल थंडच असते. म्हणजे जिथे फिल्टरवर सर्वांत जास्त भिस्त, तिथेच तो बाजूला होण्याचा संभव जास्त.

हवेच्या बाजूची हद्द अशीच विसरली जाते. सुपरचार्जरच्या गिअरचे ऑइल वेगळे असते, त्यामुळे बेअरिंगचा चुरा त्यात उतरत नाही, हे खरे. पण व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचा तुकडा इनटेक उघडा असताना उलटा उडून मॅनिफोल्डमध्ये जातो आणि तिथून शेजारच्या सिलिंडरमध्ये शिरू शकतो. रिंगा झिजलेल्या इंजिनाने ब्रीदरवाटे फेकलेले ऑइल इंटरकूलरमध्ये साचते. नव्या इंजिनात ते वाफ होऊन पेट्रोलमध्ये मिसळले की त्याची ठोके सहन करण्याची ताकद कमी होते. ११.५ कॉम्प्रेशनवर वरून अर्ध्या बारच्या आसपास दाब देणाऱ्या या इंजिनात ठोक्याला मुळातच जागा थोडी. म्हणून मॅनिफोल्ड, इंटरकूलर, सुपरचार्जरचे रोटर आणि चारही इंजेक्टर हे इंजिन कामाचाच भाग आहेत. एक इंजेक्टर कमी पेट्रोल देत असेल, तर नवा पिस्टनही त्याच सिलिंडरमध्ये जळणार.

दुसरा आक्षेप धुण्याचा: सॉल्व्हंट मारून, हवेने फुंकून कूलर साफ होतोच की. पाइपांपुरते हे आम्हाला मान्य आहे. नळी गुळगुळीत असते, दोन्ही टोके उघडून उजेड धरता येतो, साफ झाली की नाही ते दिसते. कूलरमध्ये डोळा पोचत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर हमी देता येत नाही. विमानांच्या पिस्टन इंजिनांवर काम करणारे हा प्रश्न केव्हाच सोडवून बसले आहेत. ऑइलमध्ये धातू पसरला, की कूलर नुसता खळबळून परत लावण्यावर ते विसंबत नाहीत. पंखा जमिनीला आदळून इंजिन अचानक थांबले, तर ते वरून ठणठणीत दिसले तरी उघडून पाहतात. जुने इंजिन दुरुस्त करण्याऐवजी पुष्कळजण सेलिकातून काढलेले चालू स्थितीतले इंजिन बसवतात. मशीन शॉपचा खर्च वाचतो आणि निर्णय अनेकदा शहाणपणाचा असतो. पण त्या निरोगी इंजिनाला जुनेच कूलर जोडले, तर आपण फक्त चुऱ्याला नवे बेअरिंग पुरवले.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आधीच मोठ्या बिलाने धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला ‘कूलरही बदला’ म्हटले, की मिस्त्री बिल फुगवतो आहे असेच त्याला वाटणार. तोंडी समजावून हा संशय जात नाही, पुरावा दाखवून जातो. बिघडलेल्या इंजिनाचा फिल्टर कटरने उघडा. करवतीने नको, करवत आपला कीस त्यात घालते. घडीचा कागद पसरून उजेडाखाली धरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटेल ते पोलाद, म्हणजे पंपाचा गिअर किंवा जर्नल. न चिकटता चमकत राहील तो बहुधा बेअरिंगचा थर किंवा पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम. तो कागद गिऱ्हाइकासमोर ठेवा आणि अंदाजपत्रकात ऑइलचा रस्ता, हवेचा रस्ता असे दोन रकाने ब्लॉकच्या शेजारीच मांडा. त्याने नकार दिला तर तसे लिहून घ्या आणि हमीतून तेवढा भाग वगळा.

एक्सीज आपल्यापैकी फार थोड्यांच्या लिफ्टवर येईल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण टर्बो लावलेली डिझेल गाडी रोज येते, आणि टर्बोचा शाफ्ट तुटल्यावर इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल न काढता नवा टर्बो बसवला, तर डिझेल इंजिन तेच ऑइल पिऊन चावी बंद केल्यावरही धावत सुटते. गाडी वेगळी, चूक तीच. म्हणून हाफ की फुल हे विचारण्याआधी चुरा कुठवर गेला ते विचारावे. आणि काम संपल्यावर, पहिल्या काही तासांच्या चालीनंतर, नवा फिल्टरही त्याच कटरने उघडून पाहावा. जुळणीची थोडी भुकटी त्यात असणारच. तिच्यात जुन्या बेअरिंगची चमक दिसली, तर इंजिन अजून पुरते उतरवलेच नव्हते असे समजावे.