गर्भाची राखण करणारी वार

तंजावर जिल्ह्यात पापनाशम तालुक्यात तिरुक्करुगावूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवीचं नावच गर्भरक्षांबिका. शापामुळे वेदिका या ऋषिपत्नीचा गर्भ गळाला, तेव्हा देवीने तो एका घटात ठेवून दिवस भरेपर्यंत सांभाळला, अशी कथा सांगतात. मूल हवं असणाऱ्यांना इथे तुपाचा प्रसाद मिळतो, गर्भवतींना एरंडेलाचा.

कथेतल्या घटाचं काम प्रत्येक आईच्या पोटात वार करते. गंमत म्हणजे ही वार मुख्यतः गर्भाच्याच पेशींपासून बनते. गर्भ राहिल्यावर पाच-सहा दिवसांतच पेशींच्या इवल्याशा गोळ्यात वाटणी होते. आतल्या पेशींचं बाळ व्हायचं, बाहेरच्यांची वार. जनुकं दोघींकडे तीच, पण कोणती जागी व्हायची आणि कोणती झोपून राहायची, यावर सारं ठरतं.

बाहेरच्या पेशींत गाटा-३ सारखी जनुकं जागी होतात. पुढे जीसीएम-१ हे जनुक हुकूम सोडतं आणि शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अखंड पडदा तयार होतो. बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळतं ते यातूनच. लघवीच्या चाचणीत ज्या हार्मोनवरून दिवस गेल्याचं कळतं, तेही इथेच बनतं.

पेशींना सांधणाऱ्या प्रथिनाचं नाव सिन्सिटिन. त्याचं जनुक मुळात एका विषाणूचं, हे अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा पाहुणा आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरला आणि घरचाच झाला. तमिळमध्ये वारेला 'नंजुक्कोडी' म्हणतात. नंजु म्हणजे विष, कोडी म्हणजे वेल!

वारेच्या काही पेशी गर्भाशयात खोल शिरून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम अपुरं राहिलं, तर बाळाला रक्त कमी पडतं आणि आईचा रक्तदाब चढू शकतो. अशा स्त्रियांच्या वारेत जीसीएम-१ मंदावल्याचं आढळलं आहे. २०१८ साली जपानमध्ये वारेच्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं, त्यामुळे हा अभ्यास सोपा झाला.

जनुकांवरचा इलाज अजून हाती नाही. रक्तदाब मोजणं मात्र हातात आहे. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० वर गेला, डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर 'दिवसांत असं व्हायचंच' म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. देवीचा प्रसाद जरूर घ्यावा, पण तपासणीची तारीखही चुकवू नये.