यंत्र ओढत नाही, पगार मात्र कापला जातो

घरकामगार बायकांच्या तक्रारींत खाडे, बोनस, पगारवाढ हे विषय नेहमीचेच. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे: 'मशीन तू बिघडवलंस.' आमच्या केंद्रात आलेल्या एका ताईंच्या पगारातून व्हॅक्युम क्लीनरपायी पाचशे रुपये कापले होते. यंत्र चालू होत होतं, आवाजही करत होतं, पण धूळ ओढत नव्हतं. 'वापरतेस तूच, मग बिघडवणार कोण?' असा मालकीणबाईंचा निकाल. यंत्र उघडून कुणीच पाहिलं नव्हतं!

खरं तर हे यंत्र अगदी साधं आहे. आत मोटर आणि तिच्यावर पंखा. पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणून नळीतून हवा आत खेचली जाते आणि तिच्याबरोबर धूळ येते. ही वाट कुठेही तुंबली की मोटर ठणठणीत असूनही ओढ जाते. बहुधा तुंबते ती धुळीची पिशवी, नाहीतर फिल्टर. आधी प्लग काढायचा, मग पिशवी रिकामी करायची, फिल्टर झटकायचा. धुण्याजोगा असेल तर धुवून निदान एक दिवस वाळू द्यायचा, कारण ओला बसवला तर ओल मोटरपर्यंत पोचते. तरीही ओढत नसेल तर नळी काढून, यंत्र सुरू करून त्याच्या तोंडाशी तळहात धरून पाहायचा. तिथे जोर लागत असेल तर अडथळा नळीत किंवा ब्रशात आहे. या ताईंच्या बाबतीत नळीत लहान मुलाचा मोजा निघाला. पाचशे रुपये अजून परत मिळालेले नाहीत.

यंत्र चालता चालता बंद पडून तासाभराने पुन्हा सुरू झालं, तर मोटर तापली होती एवढाच बहुधा त्याचा अर्थ. अनेक यंत्रांत त्यासाठी आपोआप बंद होण्याची सोय असते. वाट तुंबली की मोटर तापतेच. जळका वास किंवा ठिणग्या आल्या तर मात्र कारागीरच बोलवावा. मोटरमधले कार्बन ब्रश वापराने झिजतात, त्यात कुणाचा गुन्हा नसतो.

हे सगळं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका मात्र कपाटात, आणि तीही बहुतेकदा इंग्रजीत. आपल्याकडे १९८२ पासून विक्रेते दारोदार फिरून हे यंत्र दाखवू लागले, तेव्हा प्रात्यक्षिक व्हायचं ते गृहिणीसमोर. रोज ते हाताळणाऱ्या बाईला कुणी काही दाखवत नाही. रुथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात अमेरिकेतल्या घरांबद्दल दाखवून दिलं, की यंत्रं आली तरी बाईचं काम हटलं नाही. आपल्याकडे ते एका बाईकडून दुसरीकडे गेलं. जबाबदारीही तिच्याकडेच गेली, पण झाकण उघडायचा अधिकार गेला नाही. तो घरातल्या पुरुषाचा, आणि त्याला सवड रविवारी!

२००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्याने नोंदणीची सोय झाली. अशा कपातीचं भांडण मात्र तिला एकटीलाच दारात उभं राहून करावं लागतं. म्हणून संघटनांनी कामाच्या अटी ठरवताना तीन गोष्टी घालाव्यात असं मला वाटतं: यंत्र हातात देण्याआधी उघडून दाखवायचं, फिल्टर साफ करण्याचा वेळ कामात धरायचा, आणि कारागिराने पाहिल्याशिवाय, दोष सिद्ध झाल्याशिवाय एक पैसाही कापायचा नाही. शिबिरात शिलाई मशीन खोलायला आपण शिकवतोच. पुढच्या शिबिरात भंगारातला एक व्हॅक्युम क्लीनरही आणू या. आणि मैत्रिणींनो, आपल्यातल्या मालकीणबाईंनाही बोलावू या.