बत्तीस बोअर: कायद्याने तगवलेले काडतूस

निवडणूक जाहीर झाली की जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात आणि परवानाधारक आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करू लागतात. गोव्यात त्यांत शेती-बागायतीच्या राखणीसाठी घेतलेल्या लांब नळीच्या बंदुका असतात. मात्र परवान्यावर रिव्हॉल्व्हर असेल, तर ते बहुधा .३२ बोअरचेच निघते. जगाच्या बाजारात आज हे काडतूस दुर्मीळ झाले आहे. भारतात त्याने इतके ठाण मांडावे, याचे कारण त्याच्या गुणांत शोधून सापडणार नाही. ते शस्त्रकायद्यात आहे.

हे काडतूस मूळचे अमेरिकेचे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८७८ साली काढलेले आखूड .३२ काडतूस लांबवून १८९६ मध्ये ‘लाँग’ हा प्रकार तयार केला. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर होते आणि तेथील शिपायांसाठी .३२ बोअरचे कोल्ट रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या शस्त्रावर कोरणे कोल्टला मानवणारे नव्हते. त्या कंपनीने थोड्या चपट्या नाकाची गोळी बसवून या काडतुसाचे ‘कोल्ट न्यू पोलीस’ असे बारसे केले. पुढे अमेरिकी पोलीस .३८ कडे वळले आणि .३२ मागे पडले.

ते मागे पडले यात नवल नव्हते. सुमारे सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला दोनशेहून थोड्या अधिक मीटर वेगाने निघते. सैन्यात वापरल्या जाणाऱ्या ९ मि.मी. काडतुसाच्या ऊर्जेचा तिसरा हिस्साच तिच्या वाट्याला येतो. याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही; जीव घेण्यास ती पुरेशी आहे. पण स्वसंरक्षणासाठी मोकळेपणी निवड करणारा तज्ज्ञ आज तिची शिफारस क्वचितच करील.

भारतात ही निवड मोकळी नाही. शस्त्र नियमांनी .३८० आणि .४५५ ची काडतुसे, तसेच सैन्याची ९ मि.मी. व .४५ ची काडतुसे वापरू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर ‘निषिद्ध बोअर’ ठरवली. सैन्याचा दारूगोळा चोरून खासगी शस्त्रात वापरता येऊ नये, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. परिणाम असा झाला, की सामान्य परवानाधारकासाठी .३२ आणि .२२ असे मोजके पर्याय उरले. ऐंशीच्या दशकात खासगी आयातीची दारे मिटली आणि सरकारी आयुध निर्माणी हाच प्रमुख विक्रेता राहिला. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क ४ च्या घडणीवर बेतलेले आहे. त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनत आली असून, त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. सरकारी कागदोपत्री त्यांचे माप ७.६५ × २३ मि.मी. असते. स्वयंचलित पिस्तुलाचे ‘.३२’ काडतूस वेगळे व आखूड असते. नाव सारखे असले तरी एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची नसते.

याच काडतुसाभोवती २०१४ मध्ये ‘निर्भीक’ उभे राहिले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर महिलांसाठी म्हणून आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे हे रिव्हॉल्व्हर. किंमत साधारण सव्वा लाख रुपये. रात्रपाळी संपवून बसची वाट पाहणाऱ्या स्त्रीला ना ती रक्कम परवडणारी, ना परवान्याचे हेलपाटे. सुरक्षित रस्त्यांची जबाबदारी सरकारची. ती पर्समधील शस्त्रावर ढकलणे ही पळवाटच होती. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात केलेल्या बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. एका हाताने शस्त्र आवरायचे आणि दुसऱ्या हाताने ते महिलासुरक्षेचे साधन म्हणून विकायचे, यातील विसंगती अजून कोणी सोडवलेली नाही.

या काडतुसाला खरा मान मिळतो तो नेमबाजीच्या मैदानावर. त्याचा मंद वेग आणि सौम्य झटका तेथे दोष न राहता गुण ठरतात. चपट्या तोंडाची ‘वॉडकटर’ गोळी कागदी लक्ष्यात स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात जगभरचे नेमबाज म्हणूनच .३२ पसंत करतात. जसपाल राणा यांनी याच प्रकारात १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. दोहात ५९० गुणांसह त्यांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे त्याची चर्चा मर्यादितच राहते.

शस्त्र नियम २०१६ नंतर खासगी उत्पादकांना वाट मिळाली. वेब्ली अँड स्कॉट हे जुने ब्रिटिश नाव उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात परतले आणि तेथेही पहिले उत्पादन म्हणून .३२ चेच रिव्हॉल्व्हर निवडले गेले. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने ‘प्रबळ’ आणले. पल्ला ५० मीटर असल्याचा दावा झाला. निषिद्ध बोअरची यादी मात्र जागची हलली नाही, आणि ती हलेपर्यंत नव्या कारखान्यांनाही १८९६ च्याच मापाची चक्रे कातावी लागतील.